नागाप्पा मेस्त्रींची खळ

गाडी तापली की लोक ड्रायव्हरला विचारतात, काय झालं? नागाप्पा मेस्त्री ड्रायव्हरला कधीच विचारत नसत. ते पॅसेंजरांना विचारत.

बेळगाव ते निपाणी अशी आमची सर्व्हिस मोटार होती. मालक बेळगावच्या कॅम्पातले एक शेठ, गाड्या मोजक्या, गॅरेज खासबागेत पत्र्याच्या शेडमध्ये. मी निपाणीच्या स्टँडवर एजंट होतो. तिकिटं फाडणं, सामान टपावर चढवून बांधून घेणं, कोण कुठं उतरणार याची यादी ड्रायव्हरच्या हातात देणं, ही माझी कामं. याद्या करायची सवय मला तेव्हापासून आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. पण नागाप्पांची यादी करायला गेलो की ती पुरी होत नाही. म्हणून आज सरळ लिहायला बसलो आहे.

दिसायला ते मेस्त्री वाटत नसत. बेळगावला लागून असलेल्या शहापूरचे विणकर. धोतर, वर काळा कोट, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डोक्याला फडकं. घरी माग होता, थोरले भाऊ रामाप्पा तो चालवत. नागाप्पा तरुणपणी मागावरून उठले आणि गॅरेजात शिरले ते कशामुळं, हे मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणत, "मागावर धागा तुटला तर सांधायचा, हितं बी त्येच." मोटारीच्या समोरची जाळी, म्हणजे रेडिएटर, तिला ते 'ताणा' म्हणायचे. आतल्या बारीक नळ्या उभ्या असतात, त्यातून पाणी खाली उतरतं आणि वाऱ्यानं गार होतं. "एक धागा बुजला तर चालतंय, मास्तर. धा बुजले की लुगडं फाटलं म्हणून समजा." मला ते मास्तर म्हणत, मी कुठल्याच शाळेत शिकवलं नसताना.

गाडी स्टँडवर आली की आधी ते हाताची पालथी बाजू वरच्या रबरी नळीला लावायचे, मग खालच्या. तोवर रामराम नाही, श्यामश्याम नाही. मग पुढच्या बाकावरच्या माणसाजवळ जाऊन उभे राहायचे.

"आक्का, पाय भाजत हुते काय?"

"भाजतील न्हाय तर काय! चुलीवर बसल्यागत झालं."

"पहिल्यापास्नं, का संकेश्वर सोडल्यावर?"

"नदी वलांडली तवा."

"कसला वास आला? रबराचा का गुळाचा?"

एकदा एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला याचा राग आला. म्हणाला, "आम्ही भाडं भरून आलोय, साक्ष द्यायला न्हाय." नागाप्पा शांतपणे म्हणाले, "साक्ष न्हाय साहेब. डायवरला नोकरीचं भ्या असतंय, म्हणून त्यो खोटं बोलतो. तुम्हास्नी कसलं भ्या? तुमी खरं सांगशीला." व्यापारी हसला आणि म्हणाला, चढ सुरू झाल्यावर चिमणी ओरडल्यागत आवाज येत होता. नागाप्पांनी बॉनेट उचलून पंख्याचा पट्टा आवळला. पट्टा सैल झाल्यानं पंखा फिरत नव्हता. ड्रायव्हर दादू बाजूला उभा राहून आपण ऐकलंच नाही असं दाखवत होता.

"तापली म्हंजे कुठं तरी वाट अडली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पाण्याची, न्हायतर वाऱ्याची, न्हायतर माणसाची." शेवटचा शब्द ते दादूकडं बघून म्हणायचे.

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणी काढायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. झाकण काढलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, गार पाणी ओतलं तर ओतीव बीडाचं इंजिन तडकतं. पण थांबायचं किती? घड्याळ फक्त शेठकडं. नागाप्पा विडी ओढत नसत. ते एखाद्या पॅसेंजरपुढं उभे राहायचे.

"मामा, विडी हाय?"

"हाय की. देऊ?"

"मला नगं. तुमी पेटवा. तुमची संपली की मी झाकण काढतो."

निपाणीच्या वाटेवर विडीवाला पॅसेंजर नाही असं कधी झालं नाही. साऱ्या गाडीचे डोळे त्या विडीकडं लागायचे. कोणी भराभर ओढू लागला की नागाप्पा म्हणायचे, "सावकाश, मामा, गाडी बी सावकाशच गार हुती." स्वतः चहा मात्र उकळता प्यायचे, बशीत न ओतता.

पुढं लढाई आली. पेट्रोल रेशनवर गेलं आणि गाड्यांच्या पाठीमागं कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशाच्या धुरावर इंजिन चाले, पण ताकद निम्मी, आणि चढावर पॅसेंजरांना उतरून ढकलावं लागे. निपाणी सोडली की तवंदीचा घाट. तो चढताना आमची सगळ्यात जुनी गाडी रोज धापा टाकायची. तिच्या रेडिएटरला खालून गळती लागली होती. डाग द्यायला कथील मिळेना, नवीन जाळीचं नावच नको. बाकीच्या गाड्यांचे मेस्त्री हळद टाकत. हळदीनं दोन फेऱ्या निघायच्या, मग पुन्हा थेंब थेंब.

एके सकाळी ती गाडी निपाणीला आली तेव्हा खाली एकही थेंब नव्हता. सोबत नागाप्पा होते. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी ते स्वतः गाडीत बसून करायचे, हा त्यांचा शिरस्ता.

"मेस्त्री, कथील मिळालं?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग काय घातलंत?"

"घातलंय कायतरी." असं म्हणून ते दुसरीकडं बघायला लागले. त्यांच्याकडून असं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. दादूनंही विचारून बघितलं होतं. त्यालाही हेच.

यामागं काय होतं ते इथं सांगायला हवं. शहापूर-वडगावात पहाटे गल्लीगल्लीत पांजणी चालते. ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, गल्लीभर लांब पसरून त्याला खळ लावायची, कुंच्यानं घासायची, उन्हं चढायच्या आत वाळवायची. खळ चांगली तर धागा मागावर तुटत नाही. प्रत्येक घराची खळ निराळी. ती दार लावून शिजवतात, आणि तिच्यात काय पडतं ते दुसऱ्या घरात सांगत नाहीत. लेकीलासुद्धा लग्नाआधी सांगत नाहीत, कारण ती दुसऱ्याच्या घरी जाणार. विचारणंही वाईट समजतात. रामाप्पा-नागाप्पांच्या घरची खळ त्यांच्या वडिलांनी बसवलेली. त्यांचं लुगडं मऊ पडतं आणि तरी घट्ट राहतं, असं पेठेत बोललं जाई. सुताचा तुटवडा होता, एकामागून एक माग बंद पडत होते, तरी त्या घराला काम होतं ते त्या खळीवर. रामाप्पा ती कोणाला हुंगूही देत नसत. आणि नागाप्पांनी त्याच हंड्यातली तांब्याभर खळ रेडिएटरमध्ये ओतली होती.

दुपारी ती गाडी बेळगावला परत निघायची होती. मलाही शेठकडं हिशेब द्यायला जायचं होतं, म्हणून मी चढलो. भट्टी पेटवून गाडी तयार होते आहे तोवर शेवंता आली. ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. कडेवर चारएक वर्षांची मुलगी. मुलीचं तोंड उघडं, मान मागं टाकलेली, आणि प्रत्येक श्वासाला करवत चालावी तसा आवाज.

"घटसर्प हाय म्हंत्यात," ती म्हणाली. "हितल्या डाक्टरनं सांगितलं, आजच्या आज बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्ह्या. गळ्यात नळी घालावी लागंल. सांच्यापातुर न्हेलं न्हाय तर..." तिनं मुलीची मान सावरली.

मी यादी बाजूला ठेवली आणि तिला पुढच्या बाकावर बसवलं. शेजारी वडगावची पार्वताक्का होती, विणकर घरातली, निपाणीला लेकीकडं येऊन परत चाललेली. तिनं मुलीचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

घाटाला लागलो आणि अर्ध्या चढातच समोरून वाफ आली. दादूनं गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि चाकाला दगड लावला.

नागाप्पा उतरले. बॉनेट उचललं. पट्टा बघितला, घट्ट होता. पाणी गळत नव्हतं. पालथा हात वरच्या नळीला लावला आणि झटक्यानं मागं घेतला. मग खालच्या नळीला लावला. तो तिथंच राहिला. ती नळी गार होती.

मला त्यातलं फार कळत नाही, पण त्यांचं तोंड बघून कळलं. वरून पाणी येत होतं आणि खाली उतरत नव्हतं. मधला सगळा ताणा बुजला होता.

"थांबा वाईच," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "गार हून दे. मग बघू. कुणाकडं विडी हाय?"

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विडी पेटवली.  मुलीच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"मेस्त्रीमामा," शेवंता म्हणाली, "किती येळ?"

"आलो, बाई. गार झाली की आलोच."

"हिचं ओठ बगा की. काळं पडाय लागल्यात."

पार्वताक्का खाली उतरली. झाकणाच्या कडेनं वाफेबरोबर काही बाहेर आलं होतं आणि बॉनेटवर ओघळून वाळत होतं. तिनं ते बोटावर घेतलं. अंगठा आणि बोट यांत चोळलं, जवळ नेऊन वास घेतला, पुन्हा चोळलं. मग ती नागाप्पांकडं वळली.

"ही खळ हाय."

नागाप्पा पुन्हा पट्टा बघायला वाकले.

"आण्णा, ही खळ हाय. मला शिकवू नका."

दादू म्हणाला, "खळ? मेस्त्री, तुमी खळ घातलीसा आत?"

"कशाची हाय?" पार्वताक्कानं विचारलं.

नागाप्पांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे. नको म्हणून.

"आमच्यात दुसऱ्याच्या खळीचं इचारत न्हाईत, ते मला बी ठावं हाय," ती म्हणाली. "पर आत्ता इचारती. साध्या तांदळाची आसंल तर ऱ्हाऊ दे, गार करा, फोडून काढू. पर चिंचोक्याची आसंल आन् त्यात गूळ आसंल, तर आण्णा, ती गार झाली की धरून बसती. मग हातोड्यानं बी निघायची न्हाय. सांगा. हाय काय गूळ?"

नागाप्पा त्या म्हाताऱ्याच्या हातातल्या विडीकडं बघत होते. निम्मी झाली होती. मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांपुढं रामाप्पा उभे असणार. समोर वडगावची बाई उभी होती, जिच्या घरी माग होता. मागं गाडीभर माणसं कान देऊन होती.

मुलगी खोकली. खोकल्याचा आवाज आलाच नाही, नुसती छाती हलली.

"चिंचोक्याचं पीठ," नागाप्पा म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सालं काढून, भाजून, दळून. त्यात गूळ. करडीच्या तेलाची धार. आन् शिजताना मेथीचं पाणी. आमच्या बाची खळ हाय. निपाणीत गाडी उभी हुती तवा आत थिजली. मी घातली, आन् दादूला सांगितलं न्हाय."

"मग गार करू नका," पार्वताक्का म्हणाली. "उकळती हाय तवरच सोडा."

"विडी टाका, मामा," नागाप्पा म्हणाले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. त्यांनी डोक्याचं फडकं काढलं, दादूनं कोळशाचं रिकामं पोतं पाण्यात भिजवून दिलं. "मागं सरा समदी. दादू, तू बी." ज्या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं तापलेल्या झाकणाला हात लावू दिला नाही, त्यानं पोतं हातांवर गुंडाळून ते झाकण फिरवलं. वाफेचा लोट वर गेला. ते कोपर तोंडावर धरून खाली वाकले आणि खालचा नळ उघडला. नळातून काही येईना. मग पोतं टाकून त्यांनी खालची रबरी नळीच उघड्या हातांनी ओढून काढली. आधी थिजलेला गोळा सुटला, आणि मागोमाग वर अडलेला पिवळट, चिकट, उकळता लगदा त्यांच्या हातांवर पडला आणि रस्त्यावर सांडला. गुळाचा वास घाटभर पसरला. ते ओरडले नाहीत. फक्त "आयाई" असं एकदा म्हणाले, लहान पोर म्हणतं तसं.

"धुवाया पाणी पायजे," ते म्हणाले, "आन् गरम. गार वतलं तर इंजिन फुटंल."

टपावर पाण्याचे डबे होते. पण गरम? मागच्या भट्टीत निखारे फुलले होते. दादूनं तळाचं दार उघडून फावड्यानं निखारे रस्त्यावर ओढले, त्यावर दगड मांडले, वर डबे ठेवले. म्हातारा फुंकायला बसला. पार्वताक्का डब्यात बोट घालून बघत होती, खळ शिजवताना बघतात तशी. मी आणि आणखी दोघं डबे उचलून देत होतो. नागाप्पांचे हात आता डबा धरू शकत नव्हते. ते फक्त सांगत होते, "वता. अजून. आता थांबा. वता." खालून येणारं पाणी पिवळं होतं, मग दुधी, मग निवळलं.

"नळी बसव, दादू. पट्टी आवळ. माझ्यानं व्हायचं न्हाय."

दादूनं नळी बसवली, निखारे परत भट्टीत भरले, पुन्हा गॅस धरायला वेळ गेला. तेवढा वेळ शेवंता मुलीला उभी धरून होती, कारण आडवी केली की श्वास अडकत होता. गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे उतरून ढकलत होतो. फक्त शेवंता, मुलगी आणि नागाप्पा आत होते. ते पुढं बसले होते, दोन्ही हात समोर हवेत धरून, आणि शेवंताला विचारत होते, "बाई, पाय भाजत्यात काय? सांगा हां. खरं सांगा."

घाटमाथा आला. पुढं उतार. संकेश्वरला पुन्हा गरम पाणी भरलं. गळती परत सुरू झाली होती, थेंब थेंब नव्हे, धार. हत्तरगीला भरलं, काकतीला भरलं. बेळगावात शिरताना दिवे लागत होते. दादूनं स्टँडवर न जाता गाडी सरळ दवाखान्याच्या दारात नेली.

मुलीच्या गळ्यात नळी घातली. ती वाचली. पुढं कितीतरी दिवस ती फुसफुसत बोलायची, पण बोलायची. शेवंता तिला घेऊन निपाणीला परत निघाली तेव्हा मी तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, आणि ते शेठना सांगितलंही.

नागाप्पांचे हात त्याच दवाखान्यात बांधले. शेठनी त्यांना कामावरून काढलं नाही. इंजिन वाचलं होतं, जाळी तशीही गेलेलीच होती. हात भरून आले, पण बोटं पुरी मिटेनात. पाना धरता येईना. ते गॅरेजात येऊन बसायचे आणि पोरांना तोंडानं सांगायचे. महिन्याभरानं तेही बंद झालं.

मी एकदा घरी गेलो. रामाप्पा बाहेर कट्ट्यावर होते. मी नाव घेतल्यावर त्यांनी दाराकडं बोट केलं. आत नागाप्पा बसले होते.

"आण्णा माझ्याशी बोलत न्हाय," ते म्हणाले. "त्याच राती सांगितलं मी त्यास्नी, की खळ सांगून आलो. दुसऱ्याकडनं कळायच्या आधी. त्यांनी हंडा पालथा घातला आन् उठून गेले. तवापास्नं न्हाय बोलले."

"पार्वताक्कानं कुणाला सांगितलं नसेल," मी म्हणालो.

"पार्वताक्कानं कशाला? गाडीत वीस माणसं हुती. वडगावात आता घरटी चिंचोकं भाजत्यात. वास येतो हितपातुर."

"मुलगी वाचली, मेस्त्री."

"व्हय," ते म्हणाले. "ते आण्णाला बी ठावं हाय. घाटात सांगितलं म्हणून त्यो रागावला न्हाय. मी न इचारता खळ उचलली, त्येचा राग हाय. आन् बरोबर हाय त्याचं."

एवढंच. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मी चहा घेतला आणि निघालो.

लढाई संपल्यावर शेठनी सर्व्हिस दुसऱ्याला विकली आणि माझं बेळगावला जाणं कमी झालं. त्यानंतर नागाप्पांना मी एकदाच बघितलं. भाचीच्या लग्नाचं लुगडं घ्यायचं होतं. भाड्यानं घेतलेली मोटार आता पेट्रोलवर चालत होती आणि पेठेकडं जायला ड्रायव्हरनं शहापूरची एक गल्ली धरली. सकाळची वेळ. गल्लीत पांजणी चालली होती. लाकडी घोड्यांवर ताणा पसरलेला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओला, पांढरा. या टोकाला रामाप्पा, त्या टोकाला नागाप्पा. मध्ये घरच्या बायका कुंचे चालवत होत्या. दोघं भाऊ एकमेकांकडं बघत नव्हते. पांजणीला दोन माणसं लागतात, तेवढ्यापुरते ते उभे होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी त्याला म्हटलं, मागं घे, दुसऱ्या गल्लीनं जाऊ. पण मागंही टांगा येऊन उभा राहिला होता.

खळ वाळत होती. कुंचे थांबले तर धागे एकमेकांना चिकटतात, एवढं मलाही आता माहीत होतं. रामाप्पांनी आमच्याकडं बघितलं, ताण्याकडं बघितलं, मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं. बायकांचे कुंचे थांबले.

"उचल रं, नागू," रामाप्पा म्हणाले.

नागाप्पांनी मान वर केली.  मग ताण्याच्या टोकाची काठी बोटांनी धरता येत नव्हती म्हणून त्यांनी दोन्ही मनगटं तिच्याखाली घातली आणि डोक्याच्या वर उचलली. या टोकाला रामाप्पांनी उचलली, मधून बायकांनी. आमची मोटार त्या ओल्या धाग्यांखालून हळूहळू पुढं गेली.